भाव आधी सांगा, कापड मग फाडा : सरकारी पोर्टलं चालवणाऱ्यांना एक खुलं पत्र

साहेब, मॅडम, आणि ते ‘पे नाऊ’चं बटण स्क्रीनवर नेमकं कुठं ठेवायचं ते ठरवणारी जी कोण मंडळी असतील ती सगळी,

सप्रेम नमस्कार.

नाव कुणाचं घालावं तेच कळेना म्हणून असं मोघम लिहितोय, राग मानू नका. माहिती तंत्रज्ञान विभागाला लिहावं तर ते म्हणणार फी महसूलनं ठरवली, महसूलला लिहावं तर ते म्हणणार पोर्टल आमचं नाही, आणि पोर्टलच्या तळाला जो हेल्पलाइनचा नंबर असतो तो लागला तर लागला नाहीतर गाणं ऐकत बसा. म्हणून म्हणलं सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहावं, ज्याचं त्यानं आपापलं वाटून घ्यावं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कापड दुकानात हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. आमचे जुने शेठ, आता नाहीत ते, नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे, की बाबा भाव आधी सांग आणि कापड मग फाड. कारण कापड एकदा फाडलं की गिऱ्हाईक पण अडकतं आणि दुकानदार पण अडकतो, मग वाद होतो, आणि वाद झाला की ते गिऱ्हाईक परत पायरी चढत नाही. तुमच्या पोर्टलवर नेमकं उलटं आहे. आधी कापड फाडता, मग शेवटच्या पानावर भाव सांगता. आणि तिथं वाद घालायला समोर माणूसच नसतो.

आता मूळ किस्सा. गेल्या जूनमध्ये पोरीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर काढायचं होतं. जून महिन्यात दाखला काढायला जाणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात रिकामी खोली शोधण्यासारखं आहे, ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी दुकान सोडून रांगेत किती उभा राहणार, म्हणून दाखले काढून देणाऱ्या एका केंद्रावर गेलो (नाव घेत नाही, तो पोरगा वाईट नाही, त्याच्याबद्दल पुढं लिहितो). त्यानं तोंडी हिशेब सांगितला. उत्पन्नाचे दोनशे, नॉन क्रिमीलेयरचे साडेतीनशे, स्टॅम्प पेपरचे पाचशे, टायपिंग आणि सहीशिक्क्याचे दीडशे. झाले बाराशे. मी दिले. गिऱ्हाईकाला सव्वा रुपयाची घट दाखवणारा माणूस मी, पण तिथं एक शब्द बोललो नाही, कारण मागं वीस माणसं उभी होती आणि पोरीचा फॉर्म भरायची तारीख जवळ आलेली.

पावती मागितली तर म्हणाला, काका प्रिंटरची शाई संपलीय, उद्या घ्या. उद्या काय मी गेलो नाही.

नंतर रविवारी निवांत बसून शोधलं. आणि तेव्हा जे कळलं ते मला कुठल्याही पोर्टलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात दिसलं नाही, इकडून तिकडून गोळा करावं लागलं, ही माझी खरी तक्रार आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची सरकारी रक्कम ६९ रुपये. नॉन क्रिमीलेयरची १२८. दोन्हीचे मिळून १९७. म्हणजे मी १००३ रुपये जास्तीचे देऊन आलो. हिशेबनीस म्हणवून घेतो स्वतःला.

बरं, हे ६९ तरी कुठनं आले? एप्रिल २०२५ च्या आधी हाच आकडा ३३ रुपये ६० पैसे होता, आणि तो ६० पैशांचा आकडा मला कित्येक वर्षं छळत होता, कारण ६० पैसे देणार कोण आणि घेणार कोण. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा जुळला. २० रुपये सेवा शुल्क, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे, आणि वर १० रुपये कोर्ट फी स्टॅम्पचे. झाले ३३.६०. मग सरकारनं सेवा शुल्क २० चं ५० केलं. ५० अधिक ९ रुपये जीएसटी अधिक तेच १० रुपये. ६९. बघा, किती सोपं आहे! चौथीतल्या पोराला फळ्यावर करून दाखवता येईल. नॉन क्रिमीलेयरचं पण तसंच, पूर्वी ५७.२०, आता १२८, म्हणजे कोर्ट फीचे १० तसेच ठेवून बाकीचा आकडा उत्पन्नाच्या दाखल्याच्या डबल. पण डबल का? त्या एका दाखल्याला सेवा शुल्क दोनदा का लागतं? असेल काहीतरी कारण, नक्की असेल, सरकारचं कारण असतंच. मग ते दोन ओळीत लिहायला काय हरकत आहे? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

आणि एक सांगतो, वीस चे पन्नास केले म्हणून माझं रडगाणं नाहीये. वीस रुपयात आजकाल धड वडापाव येत नाही. जागेचं भाडं, लाइट बिल, नेट, प्रिंटरची शाई, सर्व्हर डाऊन असला की लोकांच्या शिव्या, हे सगळं तो केंद्रवाला पोरगा इतकी वर्षं त्या वीस रुपयातल्या त्याच्या हिश्श्यावर कसं भागवत होता ते त्यालाच माहीत. तो जास्तीचे पैसे घेतो हे चूक आहे, पण तो का घेतो ते मला कळतं. न कळणारी गोष्ट वेगळीच आहे, ती ही की त्यानं किती जास्ती घेतले हे समोरच्या माणसाला कळू नये अशी सोय पोर्टलनंच करून ठेवलीय.

ती सोय कशी, ते सांगतो. फॉर्म भरताना मोबाईल नंबर लागतो, ओटीपी येतो. जूनच्या गर्दीत प्रत्येकाला ‘काकू ओटीपी सांगा’ करत बसायला वेळ कुणाला आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी केंद्रवाले स्वतःचाच नंबर टाकतात. मग ‘तुमचा अर्ज भरला, इतके रुपये मिळाले’ हा मेसेज कुणाला जाणार? केंद्रवाल्याला. पावतीवर खरी रक्कम छापून येते हे मान्य, पण पावती काढायची कुणी? केंद्रवाल्यानं. म्हणजे तुमच्याकडं सगळं पारदर्शक आहे, फक्त ज्याचे पैसे गेले त्याला सोडून. दाखला शेवटी घरी येतो, वर क्यूआर कोड असतो, सही असते, सगळं असतं, पण ‘या दाखल्याचं एकूण शुल्क ६९ रुपये’ एवढी एक ओळ नसते. ती ओळ दाखल्यावरच छापा. प्रिंटरची शाई संपली तरी दाखला काढल्याशिवाय तर कुणाचं चालत नाही ना.

आता स्टॅम्प पेपर. हे ऐकून तर मी दोन मिनिटं गप्पच बसलो. १ जुलै २००४ ला सरकारनं अधिसूचना काढून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. २००४! माझी पोरगी तेव्हा जन्मलेली पण नव्हती. एवढी वर्षं लोक शंभरचा स्टॅम्प घेतच राहिले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान स्टॅम्प शंभरचा पाचशे झाला आणि लोक पाचशेचा घ्यायला लागले. २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे साहेबांनी परत जाहीर केलं की दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला हे पाचशे लागत नाहीत, पेपरात आलं, व्हॉट्सॲपवर फिरलं, आणि तरी त्यानंतरच्या जूनमध्ये मी पाचशे मोजून आलो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं ६९ रुपयांच्या दाखल्याला पाचशेचा स्टॅम्प, म्हणजे मसाला बारा आण्यावर पण थांबला नाही.

मंत्र्यांनी सांगितलं, अधिसूचना आहे, मग तुमच्या फॉर्मच्या पानावर जिथं ‘प्रतिज्ञापत्र अपलोड करा’ असं येतं तिथंच शेजारी ‘साध्या कागदावर चालेल, स्टॅम्प पेपर लागत नाही’ एवढे सात शब्द टाकायला कितीसा खर्च येतो? टेंडर काढावं लागतं का त्याला? त्या सात शब्दांनी गरिबाचे पाचशे वाचतात. फी माफ करणं आणि फी माफ आहे हे सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडं पहिली होते, तिचा जीआर निघतो, त्याला क्रमांक पडतो, आणि दुसरी करायला कुणालाच सांगितलेलं नसतं.

असंच पीक विम्याचं झालं होतं. एक रुपयात विमा होता खरीप २०२३ पासून, शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा, आणि केंद्रवाल्याला प्रत्येक अर्जामागं ४० रुपये विमा कंपनीकडनं ठरलेले होते. आमच्या दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना विचारा किती जणांनी एकच रुपया दिला ते. कुणी शंभर दिले, कुणी दीडशे. ते म्हणायचे, विमा एक रुपयाचा आणि हमाली शंभराची. त्यांना ते ४० रुपये माहीतच नव्हते. माहीत असते तर ‘अरे तुला कंपनी देतीय की’ एवढं तरी म्हणले असते. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायला पण पैसे नव्हते, भरून घेणाऱ्याला सरकारच ५० रुपये देणार होतं, तरी २०२४ च्या जुलैमध्ये काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, ते परत लिहीत नाही.

तर दाखल्यांचा अनुभव घेतल्यावर मी ठरवलं की पुढचं काम स्वतः करायचं, घरबसल्या, ऑनलाइन. बायको म्हणाली तुमच्यानं होणार नाही. मला तेवढंच पुरे होतं.

रात्री साडेदहाला बसलो. कुठलं पोर्टल ते राहू द्या. आधी रजिस्ट्रेशन, मग पासवर्ड, पासवर्डात एक कॅपिटल एक आकडा आणि एक चिन्ह, मग फोटो, फोटो मोठा झाला, लहान केला, मग इतका लहान झाला की घेईना, मग तो पोरीनं कुठल्यातरी ॲपवर मापात बसवून दिला. कागदपत्रं. कॅप्चा. परत कॅप्चा, कारण तो शून्य होता का ओ होता ते मला अजून कळलेलं नाही. एवढं सगळं करून साडेबाराला शेवटचं पान आलं आणि तिथं पहिल्यांदा रक्कम दिसली. म्हणजे दोन तास मी काम करत होतो आणि हे किती रुपयांचं काम आहे तेच मला माहीत नव्हतं. रक्कम बघून ‘नको’ म्हणायची सोय तरी कुठंय? दोन तास घातलेला माणूस वीस-पन्नास रुपयांसाठी माघारी फिरतोय होय. फाडलेलं कापड हेच.

वर एक ‘पोर्टल चार्जेस’ म्हणून वेगळी ओळ होती. कसले चार्जेस ते नाही. मी यूपीआयनं भरत होतो. आता १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाला दुकानदाराकडनं एमडीआर (व्यवहारामागचं कमिशन) घ्यायचा नाही असं केंद्र सरकारचंच धोरण आहे, आमच्या दुकानात रोज यूपीआय येतं म्हणून मला पाठ आहे. मग हे पोर्टल चार्जेस कशाचे? असतील सर्व्हरचे, असतील आणखी कशाचे, घ्या की, पण नाव तरी सांगा. आमच्या दुकानात बिलावर ‘इतर’ म्हणून दहा रुपये लावले तर गिऱ्हाईक माझी गचांडी धरेल.

मग पुढचं तर तुम्हाला ओळखीचंच असेल. पैसे कापले गेले, बँकेचा मेसेज आला, स्क्रीनवर ते गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी ‘ट्रान्झॅक्शन पेंडिंग’. अर्जाचं स्टेटस : पेमेंट नॉट डन. खाली सूचना होती की परत पेमेंट करू नका, थोडा वेळ थांबा. थोडा म्हणजे किती? दहा मिनिटं का दहा दिवस? मी एक दिवस थांबलो, दुसऱ्या रात्री परत भरले, या वेळी झालं. पहिले पैसे कुठं गेले म्हणून बँकेत विचारलं तर म्हणाले आमच्याकडनं गेलेत, पोर्टलला विचारा. पोर्टलच्या ईमेलवर लिहिलं तर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असं आपोआप उत्तर आलं, आणि त्या उत्तराला उत्तर देऊ नका असं पण त्यातच लिहिलेलं.

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, मी वाचलं ते. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातनं गेले आणि समोर पोचल्याचं कन्फर्म झालं नाही तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसात आपोआप परत आले पाहिजेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. किती छान नियम आहे. पण ही ओळ तुमच्या ‘पेंडिंग’च्या पानावर असती तर मी रात्रभर तळमळलो नसतो आणि बँकेत जाऊन त्या बिचाऱ्या क्लार्कशी भांडलो पण नसतो. मॅडम तुम्ही वाचत असाल तर सॉरी, तुमची काही चूक नव्हती.

आता दुसरा एक प्रकार, ह्यात पैसे तुमच्याकडं येतच नाहीत, तरी बदनामी तुमचीच होते. माझ्या मेहुणीनं पापड-कुरडयांचा गृहउद्योग काढला. कुणीतरी सांगितलं उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीचं सरकारी, रजिस्ट्रेशन कर, कर्जाला उपयोगी पडतं. तिनं गुगलवर टाकलं, जे पहिलं आलं ते उघडलं. निळा-पांढरा रंग, तिरंग्याची पट्टी, अशोकचक्रासारखं काहीतरी, फॉर्म अगदी सरकारी. अडीच हजार भरले. दोन दिवसात सर्टिफिकेट आलं, खरंखुरं आलं, खोटं नाही. ती खूश. मला दाखवलं तेव्हा मी म्हणलं पैसे कशाचे? म्हणाली सरकारची फी. अहो, उद्यम रजिस्ट्रेशनला फीच नाही! एक रुपया पण नाही. सरकारचं स्वतःचं पोर्टल आहे, आधार नंबरावर फुकट होतं. त्या मधल्या साइटनं तिचीच माहिती घेऊन सरकारच्या साइटवर भरली आणि अडीच हजार खिशात घातले. खाली अगदी बारीक अक्षरात ‘आम्ही खाजगी सल्लागार आहोत’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे पोलिसात जायची पण सोय नाही. अन्नपदार्थाचं फूड लायसन पण तिला लागणार होतं. छोट्या धंद्याच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे, ते मी शेजारी बसून भरून घेतलं, नाहीतर तिथं पण दोन-तीन हजाराला बसलीच असती.

पासपोर्टचं तसंच. साधा ३६ पानी १५०० रुपये, तात्काळचे २००० वर, एवढं साधं असताना नकली साइटी इतक्या निघाल्या की परराष्ट्र मंत्रालयाला इशारे द्यावे लागले. तुम्ही म्हणाल लोकांनी ‘गव्ह डॉट इन’ बघून घ्यावं. बरोबर आहे. पण मला सांगा, नकली साइट पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘फी इतकी’ असं छापते, तीन पायऱ्या दाखवते, व्हॉट्सॲप नंबर देते आणि फोन उचलते. खऱ्या साइटवर ‘ही सेवा मोफत आहे’ हे वाक्य शोधायला दुर्बीण लागते, आणि वर ती पळती पट्टी, मान्यवरांचे फोटो, आणि गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी स्पर्धेचा निकाल. माणूस घाबरून खोट्याकडं जातो, कारण खोटा भाव आधी सांगतो. आमच्या शेठचा नियम चोरांनी पाळला आणि तुम्ही नाही, याचं वाईट वाटतं हो.

नंबर प्लेटचं पण थोडक्यात. बातम्यांमध्ये दुचाकीच्या एचएसआरपीचे (ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) ४५० रुपये आले आणि भरायला गेल्यावर स्क्रीनवर ५३१. चौकात चर्चा सुरू, ८१ रुपये कोण खातंय. कुणी खात नव्हतं, १८ टक्के जीएसटी होता, ४५० वर बरोबर ८१ होतात. पण बातमीत, जाहिरातीत, बोर्डावर सगळीकडं जीएसटी सोडून भाव सांगायचा आणि घेताना धरून घ्यायचा, मग लोक संशय घेणारच. चारचाकीला तर ७४५ चे ८७९ रुपये १० पैसे. हे दहा पैसे कोण देणार परत?

रेल्वेच्या तिकिटाचं काय बोलणार, तिथं खिडकीवर न जाता घरनं तिकीट काढलं म्हणून सुविधा शुल्क, स्लीपरला १५ आणि एसीला ३०, यूपीआयनं भरलं तर १० आणि २०, वर जीएसटी. सुविधा नक्की कुणाची झाली हा वादाचा विषय आहे, खिडकीवरचा माणूस वाचला तो रेल्वेचा. पण एक मानावं लागेल, ते वेगळ्या ओळीत, नाव घालून दाखवतात. शिव्या देताना तरी नेमकं कशाला द्यायच्या ते कळतं.

आणि चांगलं आहे ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता किरकिरा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये. बास. गावातल्या मेंढरामागं फिरणाऱ्या पोराला पण हा आकडा पाठ आहे, ‘पंधरा रुपये लागतात काका’ म्हणतो. नुसता बघायला असेल तर भूलेखवर फुकट, सहीचा पाहिजे असेल तर पंधरा. त्यामुळं सातबाऱ्याला कुणी शंभर मागितले तर लोक तिथल्या तिथं भांडतात. आधारचं पण बरं आहे. नवीन आधार फुकट, पत्ता-बित्ता बदलायचा तर ७५, बोटांचे ठसे नवीन द्यायचे तर १२५, ऑक्टोबर २०२५ पासून वाढले हे दर, आधी ५० आणि १०० होते, पण पावतीवर रक्कम येते आणि ती पावती हातात मिळते. बघा, दर वाढले तरी बोंबाबोंब झाली नाही. आकडा माहीत असला की माणूस शांत राहतो, खरंच.

आता कायद्याची गोष्ट, मी काही वकील नाही, पण वाचता येतं. आपल्या राज्यात २०१५ पासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात लिहिलंय की प्रत्येक कार्यालयानं आपल्या सेवांची यादी, किती दिवसात देणार, फॉर्म कुठला, फी किती, अधिकारी कोण, अपील कुणाकडं, हे सगळं नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर लावायचं. फी पण त्यात आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये, दहा वर्षांपूर्वी तुम्हीच कबूल केलेलं मागतोय. दिवसांबद्दल लोक भांडायला लागलेत, दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड होऊ शकतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. फीबद्दल कुणी भांडत नाही कारण फी किती तेच माहीत नाही.

आणि केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ते डार्क पॅटर्नचे नियम काढले ना, १३ प्रकार दिलेत त्यात. ऑनलाइन दुकानांनी गिऱ्हाईकाला कसं फसवायचं नाही त्याची यादी. त्यातला एक प्रकार ड्रिप प्रायसिंग, म्हणजे भाव एकदम न सांगता थोडा थोडा करत शेवटी पूर्ण दाखवायचा. वाचताना मला हसूच आलं. कपड्याच्या ॲपनं केलं तर तो डार्क पॅटर्न, पोर्टलनं केलं तर ती प्रक्रिया. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून कपड्याच्या ॲपची तक्रार मी करू शकतो. तुमची केली तर? सरकारी फी भरणारा माणूस ग्राहक आहे का नाही याचा वकील लोक कीस काढत बसतील. ते काढू द्या. तुम्ही कायद्यानं ग्राहक म्हणू नका पाहिजे तर, पण गिऱ्हाईकाला जेवढं सांगतात तेवढं तरी आम्हाला सांगा.

काय करायचं ते वर येऊन गेलंच आहे, परत यादी करत नाही, तुमच्याकडं याद्या कमी नाहीत. फक्त सुरुवात कुठून करायची एवढं सांगतो, म्हणजे समिती नेमावी लागणार नाही. लॉगिन करायच्या आधीच्या पानावर, जिथं सेवेचं नाव असतं तिथंच त्याच ओळीत, एकूण रक्कम लिहा. ६९. खाली कंसात ५० अधिक ९ अधिक १०. जिथं फुकट आहे तिथं ‘मोफत’ लिहा, आणि ते त्या मान्यवरांच्या फोटोंपेक्षा मोठ्या अक्षरात लिहा (हे जरा अवघड जाईल याची मला कल्पना आहे). एवढं झालं तरी अर्धी भांडणं मिटतील, केंद्रवाल्या पोराची पण मिटतील. त्याला परवडत नसेल तर तो उघड सांगेल की काका सरकारचे ६९ आणि माझे ३० वर, कारण अमुक. मी देईन की. फॉर्म भरायला, स्कॅन करायला त्याचा वेळ जातोय, देईन. पण मग ते माझं मी ठरवून दिलेलं असेल.

परवा त्याच्याकडं गेलो होतो, बाराशेचं विचारायला. भांडायच्या तयारीनंच गेलो. तो म्हणाला काका, स्टॅम्पचं मला खरंच माहीत नव्हतं, आधी ज्याच्याकडं शिकलो तो घ्यायचा म्हणून मी घ्यायचो. मोबाईलमधली बातमी दाखवली त्याला. त्यानं वाचली, मग भिंतीकडं बघत बसला. सरकारनं दिलेला दरफलक लावलाय का म्हणून विचारलं तर कपाटामागनं एक फ्लेक्स काढला, जुना, ३३.६० वाला. म्हणाला नवीन आला की लावतो.

तो तेवढा पाठवून द्या.

आपला,
एक हिशेबनीस

ता.क. त्या ‘पेंडिंग’मधले पैसे अजून आलेले नाहीत. आज एकोणिसावा दिवस. पाच सोडले तर चौदा दिवसांचे शंभराप्रमाणे १४०० होतात. नोंद केलेली आहे.